बिर्काच्या थडग्यातली तलवार

स्वीडनच्या मेलारेन सरोवरातल्या ब्योर्को बेटावर दहाव्या शतकात बिर्का ही भरभराटीची व्यापारपेठ होती. यालमार स्टोल्पे या संशोधकाने १८७८ मध्ये तिथल्या किल्ल्याजवळ एक दफन उकरले. क्रमांक ५८१. लाकडी कोठीत एकच सांगाडा, सोबत तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, सुरा, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या सोंगट्यांचा संच. शस्त्रे आहेत म्हणून योद्धा, सोंगट्या आहेत म्हणून डावपेच जाणणारा सरदार, आणि सरदार म्हणून पुरुष! शंभर वर्षे हेच चालले. १९७० च्या दशकात हाडे स्त्रीची असावीत, असे मत पुढे आले, पण ते बाजूला पडले. अखेर २०१७ मध्ये शार्लोट हेडेनस्टिएर्ना-यॉन्सन यांच्या गटाने डीएनए तपासला. वाय गुणसूत्र नव्हतेच. ती तिशी उलटलेली स्त्री होती.

त्यावर वाद पेटला. हाडांची अदलाबदल झाली असेल, दुसरा सांगाडा हरवला असेल, अशा शंका निघाल्या. २०१९ मध्ये संशोधकांनी त्यांना सविस्तर उत्तरे दिली. सांगाडा पुरुषाचा मानला जात होता, तोवर या शंका कुणाला सुचल्या नव्हत्या, हे मला फार बोलके वाटते.

खरा दोष पद्धतीतच मुरलेला आहे. अनेक दफनभूमींत हाडे कुजून जातात, उरतात त्या वस्तू. मग मणी दिसले की स्त्री, तलवार दिसली की पुरुष, अशी नोंद होते. आणि पुढे त्याच नोंदी मोजून ‘तलवारी पुरुषांनाच मिळत’ असा निष्कर्ष निघतो. जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरलेले!

तरीही डीएनएने सगळे कोडे सुटत नाही. शरीराचे लिंग, समाजातली भूमिका आणि दर्जा हे तीन वेगळे प्रश्न आहेत. मृताने थडगे स्वतः सजवलेले नसते. ते मागे राहिलेल्यांनी सजवलेले असते. हाइनरिश हेर्के यांनी इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन दफनांचा अभ्यास केला, तेव्हा लढण्याच्या वयाला न पोचलेल्या मुलांजवळही शस्त्रे आढळली. तिथे शस्त्र घराण्याची प्रतिष्ठा सांगत होते. बिर्काची ती स्त्री प्रत्यक्ष रणात उतरली का, हे केवळ तिच्या तलवारीवरून ठरवता येणार नाही. पण पुरुषाबाबतही हीच सावधगिरी बाळगायला हवी.

आता दातांच्या एनॅमलमधल्या प्रथिनावरूनही लिंग ओळखता येते. इटलीतल्या मोदेना इथे हातात हात घालून पुरलेली जोडी ‘प्रेमी युगुल’ म्हणून गाजली होती. २०१९ मध्ये ते दोघेही पुरुष असल्याचे याच तपासणीत कळले. म्हणून संग्रहालयांनी प्रत्येक सांगाड्याशेजारच्या पाटीवर लिंगनिदान कशावरून केले ते लिहावे: हाडांवरून, दातांवरून, की नुसत्या तलवारीवरून.