न्यायालयात मनाची पारख

हत्यार सापडले, साक्षीदार मिळाले, म्हणजे खटल्याचे काम संपले असे आपल्याला वाटते. पण श्रोतेहो, कायद्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे करणाऱ्याचे मन. हात कोणाचा होता हे पुराव्यावरून कळेल. पण त्या वेळी मन ठिकाणावर होते की नव्हते, हे कसे कळावे? त्याकरिता न्यायालय मनाच्या जाणकारांची मदत घेते. त्यांचे काम काय, आणि आपण त्यात काय करावयाचे, ते आज पाहू.

समजा, भिवंडीचा धामणकर नाका आहे. यंत्रमागावरचे कामगार पाळी संपवून निघालेत, रिक्षा-ट्रकांची गर्दी आहे. इतक्यात एक जण लोखंडी गज उगारतो आणि वाटसरूचे डोके फुटते. लगेच दोन मते पडतात. एक म्हणतो, "अहो, वेडा आहे तो, सोडून द्या." दुसरा म्हणतो, "कसला वेडा? सोंग करतोय!" खात्री दोघांचीही असते, पुरावा मात्र दोघांकडेही नसतो.

कायदा येथे घाई करीत नाही. 1860 च्या दंडविधानात यासाठी 84 वे कलम होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत हीच तरतूद 22 व्या कलमात आहे. कृत्य करतेवेळी मनोविकारामुळे ज्याला आपण काय करतो हेच समजत नव्हते, किंवा ते गैर वा बेकायदा आहे हे उमगत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. 'करतेवेळी' हा शब्द ध्यानात ठेवा. नुसता आजार असून भागत नाही. संताप किंवा आपखुशीने घेतलेल्या दारूची झिंग तर यात मुळीच बसत नाही.

दुसरा प्रश्न आजचा असतो. आरोपीला खटला समजतो का? वकिलाला तो आपली बाजू सांगू शकतो का? शंका आली तर न्यायदंडाधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकाकडून तपासणी करवितात. पुढे प्रकरण सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे जाते.

या दोघांत फरक आहे बरं का! मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर. तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो आरोपीशी बोलतो, स्मरणशक्ती व बुद्धी यांच्या चाचण्या घेतो, घरच्यांना विचारतो, जुने केसपेपर वाचतो. सोंग ओळखण्याचाही हाच मार्ग. लोकांसमोर बडबडणारा रात्री कसा झोपतो, जेवतो कसा, हे दिवसेंदिवस पाहिले की खरेखोटे बाहेर येऊ लागते. आणि भाषा! भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी माणसे एकाच गल्लीत राहतात. प्रश्नच समजला नाही म्हणून गप्प राहिलेल्या माणसाला कोणी वेडा ठरवू नये. म्हणून तपासणी त्याला कळेल अशाच भाषेत व्हावी लागते.

तरीही तज्ज्ञाचे मत हे मतच असते. निकाल न्यायाधीश देतात. मुंबईचे रामन राघवचे प्रकरण पाहा. अनेक खुनांच्या आरोपावरून 1968 साली त्याला पकडले. खटल्यात दोन डॉक्टरांची दोन मते पडली आणि 1969 साली फाशीची शिक्षा झाली. शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमावयास सांगितले. त्यांनी त्याला पुनःपुन्हा भेटून तपासले. त्याचा आजार बरा होण्यासारखा नाही असे दिसून आल्यावर 1987 साली फाशीऐवजी जन्मठेप झाली. माणसे मेली होती, शहर भेदरले होते. तरी मन तपासल्यावाचून न्याय पुरा झाला नाही.

काही जण विचारतात, यंत्र लावून खरे काढता येत नाही का? 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुंगीची चाचणी, खोटे पकडणारे यंत्र, मेंदूची चाचणी यांपैकी काहीही माणसावर सक्तीने करता येणार नाही. तेव्हा धीराने बोलणे व पारखणे याला पर्याय नाही.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 16 ते 18 वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची समज किती हे ठरविताना बाल न्याय मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकते. अशा वेळी मुलाला रोज पाहणाऱ्या गुरुजींची माहितीही उपयोगी पडते.

आता आपले काम. 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की घटनेपूर्वी, घटनेच्या वेळी आणि नंतर माणूस कसा वागला ते पाहावे. हे कोण सांगणार? घरचे, शेजारी, मालक. म्हणून घरात कोणाचे मन बिघडले तर लोकलाजेस्तव झाकू नका. भगताकडे गेलात तरी डॉक्टरकडे जरूर जा. ठाण्यास 1901 सालापासूनचे मनोरुग्णालय आहे. तिथला कागद जपून ठेवा. औषध बंद पडू देऊ नका. मनोविकलतेमुळे सुटलेला आरोपीही मोकाट सुटत नाही. त्याला सुरक्षित जागी ठेवतात किंवा हमी घेऊन नातलगांच्या हवाली करतात. वेळीच उपचार झाले तर पुष्कळदा गज उगारण्याची वेळच येणार नाही, आणि कोणा वाटसरूचे डोके फुटणार नाही.