चंद्राएवढं शिसं असलेले तारे

चिली देशात ला सिया नावाचा डोंगर आहे. तिथल्या ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने तीन ताऱ्यांचा प्रकाश तपासला आणि २००१ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, यांच्यात शिसं आहे. थोडंथोडकं नाही, एकेका ताऱ्यात आपल्या अख्ख्या चंद्राच्या वजनाइतकं!

नवल म्हणजे हे तारे लोखंडाच्या बाबतीत अगदी गरीब. विश्वात लोखंड फारसं तयारच झालं नव्हतं, तेव्हाचे ते जुनेजाणते तारे. मग एवढं शिसं आलं कुठून?

असं शिसं घडतं ते लोखंडापासूनच. लोखंडाच्या अणुकेंद्रात २६ प्रोटॉन असतात, शिशाच्या ८२. सत्ताविसावा प्रोटॉन आत घुसू पाहतो तेव्हा आतले सव्वीस जण त्याला ढकलून लावतात, कारण सगळेच धनभारित. न्यूट्रॉनला मात्र विद्युतभारच नाही. तो सरळ आत शिरतो. आत न्यूट्रॉन जास्त झाले, की त्यातला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो आणि स्वतः प्रोटॉन बनतो. झालं! २६ चे २७, लोखंडाचं कोबाल्ट. असं एकेक पायरी चढत मजल शिशापर्यंत जाते. घाई मुळीच नाही. दोन न्यूट्रॉनांमध्ये कित्येक वर्षंही जातात.

हे न्यूट्रॉन सुटतात म्हाताऱ्या, फुगलेल्या तांबड्या ताऱ्यांच्या पोटात. तिथे सुमारे नऊ कोटी अंश तापमानाला जरा जड प्रकारचा कार्बन हीलियमशी जुळतो, ऑक्सिजन होतो आणि एक न्यूट्रॉन मोकळा पडतो. हा कार्बन तारा स्वतःच बनवतो. म्हणून गरीब ताऱ्यालाही न्यूट्रॉनांची चणचण नसते. आता पंगतीचा विचार करा. लाडू तेवढेच, पण जेवायला माणसं मोजकी. प्रत्येकाच्या पानात लाडूच लाडू! तसंच इथे लोखंडाची केंद्रं थोडी, त्यामुळे एकेकाला भरपूर न्यूट्रॉन मिळतात आणि ती थेट शिशापर्यंत पोचतात.

ला सियाच्या ताऱ्यांनी मात्र शिसं स्वतः बनवलेलं नाही. ते त्यांच्यावर शेजारच्या जोडीदार ताऱ्याकडून आलं. तो जोडीदार आता विझत चाललेला श्वेतबटू आहे.

हे सगळं खरंच ताऱ्यात घडतं, याचा पुरावा मला फार आवडतो. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम सापडलं. हे मूलद्रव्य टिकतच नाही. ताऱ्यांत तयार होणारं टेक्नेशियम सुमारे दोन लाख वर्षांत निम्मं उरतं, आणि ते तारे तर कोट्यवधी वर्षांचे! म्हणजे ते तिथे नुकतंच बनलेलं होतं.

असे तारे शेवटी आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतात. त्याच वायूतून पुढे नवे तारे, ग्रह घडतात. पितळेच्या पातेल्याला कल्हई करताना लावतात त्या कथलातला बराचसा भाग अशाच म्हाताऱ्या ताऱ्यांमध्ये तयार झालेला आहे. घरात कल्हईचं भांडं असेल, तर आजीला हे नक्की सांगा.