दोन पत्रे आणि एक स्टँड

फुटबॉलचा गुणतक्ता खालून वाचायची खोड मला फार जुनी. वरच्या मँचेस्टर-लिव्हरपूलवाल्यांना भाट पुष्कळ आहेत. या खोडीपायीच अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली हा क्लब माझ्या गळ्यात पडला. अ‍ॅक्रिंग्टन हे लँकेशरमधले ३५ हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. लाल विटा आणि सूतकताईची यंत्रे ही त्याची ओळख. इथल्या हॉवर्ड अँड बुलो कारखान्याची यंत्रे हिंदुस्थानातल्या गिरण्यांपर्यंत पोचली.

१८८८ साली ज्या बारा क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली, त्यांत अ‍ॅक्रिंग्टन होते. पण तो क्लब वेगळा. १८९६ पर्यंत तो संपलाही. स्टॅनली स्ट्रीटवर १८९१ साली निघालेल्या धाकट्या क्लबाने मग गावाचे नाव उचलले. १९२१ साली लीगच्या तिसऱ्या विभागात उत्तर गट निघाला, त्यात तो दाखल झाला. पुढची तीसेक वर्षे मी सरळ ओलांडतो. त्यांत तळ आणि तंगी याखेरीज फारसे काही नाही. अपवाद वॉल्टर गॅलब्रेथ या स्कॉटिश व्यवस्थापकाचा. त्याने १९५५ साली अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटलंडात जन्मलेले उतरवले आणि संघ वरच्या जागांसाठी झगडू लागला.

संघ वर गेला की संचालकांच्या डोक्यात हवा जाते. १९५८ साली क्लबाने ऑल्डरशॉटच्या लष्करी संचलनाच्या मैदानावरचा जुना स्टँड विकत घेतला. किंमत १,४५० पौंड, म्हणजे स्वस्तच. पण इंग्लंडच्या दक्षिणेतून तो सुटा करून आणायचा आणि स्वतःच्या पील पार्क मैदानावर पुन्हा उभा करायचा, यात मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसा गेला. दोनच वर्षांत संघ चौथ्या विभागात घसरला. स्टँड राहिला, बसणारे गेले.

१९६२ च्या सुरुवातीला कर्ज ६० हजार पौंडांच्या घरात होते. सल्ल्याला बोलावले शेजारच्या बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांना. मटणाच्या दुकानांचे मालक, जिभेला हाड नसलेला गृहस्थ. त्यांचे म्हणणे एकच: क्लब वाचण्यापलीकडे गेला आहे. २ मार्चला क्रू संघाकडून ४-० असा मार खाल्ला आणि काही दिवसांतच राजीनाम्याचे पत्र लीगकडे गेले. लगेच एका हितचिंतकाने १० हजार पौंडांची तयारी दाखवली. अध्यक्ष सॅम पिल्किंग्टन यांनी घाईघाईने दुसरे पत्र धाडले: पहिले मागे घेतो.

लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर यांनी पहिलेच पत्र धरले. व्यवस्थापन समितीनेही त्यांचीच री ओढली. मोसमातले खेळून झालेले ३३ सामने तक्त्यातून पुसले गेले. हार्डेकर नियमाने चुकले नसतील. पण मोसम संपेपर्यंत थांबले असते तर लीगचे काय बिघडणार होते? तेव्हा तळाच्या क्लबांचे भवितव्य उन्हाळ्यात इतर क्लबांच्या मतांवर ठरत असे. निदान त्या मतदानाला सामोरे जाण्याचा हक्क स्टॅनलीला होता.

रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. स्टॅनली १९६६ साली बंद पडला, १९६८ मध्ये नव्याने निघाला आणि २००६ साली लीगमध्ये परतला. त्याच वर्षी लीगमधून बाहेर पडलेल्या दोन क्लबांत एक ऑक्सफर्ड!

अ‍ॅक्रिंग्टनमध्ये खापर फुटते ते लॉर्ड यांच्यावर. स्टॅनली बुडाला की त्याचे प्रेक्षक बर्नलीकडे वळतील, असा त्यांचा डाव होता म्हणे. मला हे पटत नाही. १९६० साली पहिल्या विभागाचे विजेतेपद मिळवलेल्या आणि १९६२ मध्ये पुन्हा त्यासाठी झुंजणाऱ्या बर्नलीला पील पार्कच्या मूठभर प्रेक्षकांचे काय अप्रूप? कर्जात ते ऑल्डरशॉटचे लोखंडही होते, आणि ते लॉर्ड यांनी आणलेले नव्हते. त्यांनी स्वतःच्या मैदानावर बांधलेल्या स्टँडचे उद्घाटन १९७४ साली माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी केले. त्याला नाव दिले बॉब लॉर्ड स्टँड, आणि तेही लॉर्ड हयात असताना.