अरबी संगीत : एका अज्ञ श्रोत्याची टिपणी

गेल्या हिवाळ्यात दक्षिण मुंबईत उघड्या मैदानावर उत्तर आफ्रिकी व अरबी संगीताचा एक कार्यक्रम झाला. तिकीट नव्हते, म्हणून आम्ही तिघे वर्गमित्र मीरा रोडहून चर्चगेट लोकल पकडून गेलो. एक वादक ऊद वाजवीत होता. ऊद म्हणजे फुगीर पोटाचे, आखूड मानेचे तंतुवाद्य. थोड्याच वेळात मी शेजारच्या मित्राच्या कानात म्हणालो, "अरे, हा बेसूर वाजवतोय!" मित्र नया नगरचा. तो काहीच बोलला नाही.

पुढे ग्रंथालयात थोडे वाचले, तेव्हा माझी चूक कळली. माझे बाबा बेव्हर्ली पार्कातल्या भजनात पेटी वाजवतात. माझा कान त्या पेटीवरच घडला. पेटीत सप्तकाचे बारा स्वर पक्के बसवलेले असतात. कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मध्ये पट्टीच नसते. अरबी संगीतात मात्र त्या मधल्या जागी स्वर आहे. आपल्या रागांसारखी त्यांच्याकडे 'मकाम' ही व्यवस्था आहे. 'रास्त' मकामातला तिसरा स्वर साधारण या दोन गंधारांच्या मध्ये पडतो. ऊदाच्या मानेवर पडदे नसतात. म्हणून बोट हवे तेथे टेकवता येते. उलट 'हिजाज' मकामाचे पहिले चार स्वर म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध ग आणि म. हे तर आपल्या भैरवाचे पूर्वांगच झाले!

१९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बेला बार्टोक हे हंगेरियन संगीतकारही तेथे होते. अरबी संगीतात पियानो घ्यावा की नाही, यावर तेथे वाद झाला. कारण हे मधले स्वर पियानोवर नाहीत. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले होते. मींड आणि श्रुती तिच्यावर निघत नाहीत, हा एक प्रमुख आक्षेप होता. म्हणजे कैरोचे दुखणे आणि आपले दुखणे एकच!

जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडला दंगल झाली. तेव्हापासून मी नया नगरात जायचे म्हटले की आई दोनदा विचारते. तरी मी गेलो आणि मित्राजवळ चूक कबूल केली. तो हसून म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? तुझ्या बाबांना ऐकव."

रात्री बाबांना मोबाईलवर रास्त ऐकवला. त्यांनी पेटी काढली, गंधाराच्या दोन्ही पट्ट्या आळीपाळीने दाबून पाहिल्या आणि भाता मिटला. म्हणाले, "सूर खरा आहे रे. माझ्या पेटीत त्याला जागा नाही, एवढंच."

मित्रहो, न कळलेल्या सुराला बेसूर म्हणण्यापूर्वी आपली पेटी एकदा तपासून पाहावी, एवढेच मी त्या फुकट मैफलीत शिकलो.