म्यानातली तलवार

मृगाची पहिली सर पडताच बिदरच्या तांबड्या आणि कलबुर्गीच्या काळ्या मातीतून जो सुवास दरवळतो, तो बहुतांशी ‘स्ट्रेप्टोमायसिस’ नामक सूक्ष्म जंतूंमुळे होय. याच कुळातील एका जंतूपासून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील गुणकारी औषध लाभले. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यातही पुढे ते तयार झाले.

मग हे विष निर्माण करणारा जंतू स्वतः कसा वाचतो? हे औषध जंतूंची प्रथिने बनविणारी यंत्रणा बिघडविते. म्हणून निर्माता जंतू एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, साह्याने औषधाच्या रेणूस फॉस्फेटचा तुकडा जोडून ते निष्प्रभ करतो. पेशीबाहेर दुसरे विकर तो तुकडा काढते आणि औषध जागे होते. घरात तलवार म्यानात, बाहेर उपसलेली!

परंतु अशीच विकरे काही रोगजंतूंपाशीही आढळतात. ते आपल्या औषधालाच म्यान चढवितात. अकारण औषध घेतल्यास दुबळे जंतू मरतात, असे बळकट उरतात व फोफावतात. म्हणून सभासद बंधुभगिनींना आमची विनंती, की प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत आणि सांगितलेला क्रम मध्येच सोडू नये.