अंगणातले गुऱ्हाळ

यवतमाळ म्हटले की कापूस, हे खरेच. पण पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यात पैनगंगेच्या पाण्यावर ऊसही उभा असतो. त्यातला बहुतेक कारखान्याच्या गाडीत जातो. एक-दोन मोळ्या घरासाठी ठेवाव्यात, एवढेच सुचवायचे आहे.

निमित्त रमजानचे. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीतला, आणि पुढची काही वर्षेही तो थंडीतच, म्हणजे ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत येणार आहे. सहरीला भाकरीवर घरची काकवी आणि तूप असले की दुसरे काही लागत नाही.

कॅनडात लोक मेपल नावाच्या झाडाचा रस काढून असाच पाक आटवतात. त्यासाठी अंगणात लाकडी खोपटे बांधतात आणि वाफ जायला छपराला झरोका ठेवतात. त्या रसात साखर जेमतेम दोन टक्के. ४० लिटर आटवावे तेव्हा एक लिटर पाक मिळतो. आपला ऊस फार उदार. दहा लिटर रसाची पावणेदोन ते दोन लिटर काकवी होते.

खोपटे मात्र त्यांच्याकडून घ्यावे. चार बल्ल्या, वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचा कूड, वर टिनपत्रा, आणि पत्रा व कूड यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा. घरात आटवू नये. वाफेने भिंती चिकट होतात आणि गॅसही फार जळतो. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या असतातच. त्या भडकन पेटतात, लवकर विझतात, म्हणून जाळ घालायला एक माणूस सतत बसवावा लागतो.

रसवंतीतून रस आणला तरी चालेल. बर्फ, लिंबू, आले नको. पण आणल्या आणल्या चुलीवर चढवावा. उसाचा रस काही तासांतच आंबू लागतो, आणि आंबलेला रस नशेच्या वाटेने जातो. तो आटवून उपयोग नाही, ठेवणे तर नकोच.

गाळलेला रस रुंद कढईत तापू लागला की भेंडीचे खोड ठेचून, पाण्यात चोळून काढलेला चीक घालावा. मळी वर येते. ती झाऱ्याने काढत राहावी. खरी मेहनत इथेच आहे. मळी राहिली तर काकवी काळी आणि करपट लागते. चुन्याची निवळी घालतात, पण चमचाभरच. जास्त झाली की रंग आणि चव दोन्ही बिघडतात. शेवटी साखर धरू नये म्हणून लिंबाचे थोडे थेंब.

रस १०५-१०६ अंशांवर उकळू लागला की काकवी झाली. थर्मामीटर नसेल तर थेंब गार ताटलीत टाकून बघावा: तो हळूच ओघळला पाहिजे. तसेच ११८ अंशांपर्यंत नेले तर गूळ, पण गुळाला सरावलेला हात लागतो. पहिल्या खेपेला काकवीवरच थांबलेले बरे. या टप्प्यावर मुलांना लांब ठेवा. उकळता पाक अंगाला चिकटतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो.

घरची काकवी तपकिरी असते. बाजारातला पिवळाधमक गूळ पाहून मन खट्टू करू नये. तो रंग अनेकदा हायड्रोस नावाच्या रसायनाने आणलेला असतो. आणि मधुमेह असलेल्यांनी 'घरचे आहे' म्हणून हात सैल सोडू नये; काकवी ही साखरच.

शेत स्वतःचे असेल तर एक हिशेब राहतो. हनफी मतानुसार उसावरही उश्र आहे: पावसावर पिकला तर दहावा हिस्सा, मोटर-कालव्याच्या पाण्यावर पिकला तर विसावा. घरासाठी ठेवलेल्या मोळ्याही त्यात मोजायच्या. विसातली एक मोळी बाजूला काढून तिचीही काकवी केली, तर ती रमजानपूर्वीच गरजू घरांत पोहोचवता येते.