कोठीघरातील अहिंसा

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मासाची स्थापना होते आणि मुनिसंघाचा विहार थांबतो. पावसाच्या ओलाव्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते, पायाखाली त्यांचा घात होऊ नये, हा त्यामागील हेतू. तोच ओलावा आपल्या स्वयंपाकघरातही शिरत असतो. म्हणून त्यागींच्या पायांनी जो संयम पाळावयाचा, तो श्रावकाने आपल्या डब्या-बरण्यांतून पाळावयाचा असतो.

आज घरोघरी फ्रिज आला आणि एक गैरसमजही सोबत आला. थंड ठेवले की पदार्थाची मर्यादा वाढते, असे आपण मानू लागलो. वस्तुतः थंडीने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. दोन दिवसांची भिजवलेली कणीक दिसायला बरी असली तरी ती शिळीच होय. उलटपक्षी, धान्य, पिठे, डाळी, तेल, तूप, गूळ या रोजच्या जिनसांना फ्रिजची गरज नाही. त्यांना हवे असते कोरडेपण, झाकण आणि आपले लक्ष.

धान्यापासून आरंभ करू. तांदूळ-गव्हातील सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडी घालतो आणि अळी दाण्याच्या पोटातच वाढते. आपल्याला किडा दिसतो तेव्हा त्याचे बरेचसे आयुष्य दाण्यात सरलेले असते. कडधान्यातील भुंगेरा अखंड दाण्यावर अंडी घालतो व त्याची लागण पुष्कळदा शेतातूनच येते. म्हणून वर्षाचे कडधान्य साठविण्याऐवजी त्याची डाळ करून ठेवणे अधिक सुरक्षित.

येथे एक विवेक महत्त्वाचा आहे. धान्याला ऊन दाखवावयाचे ते कीड लागण्यापूर्वी, वैशाखात. दाण्यातील ओलावा सुमारे 12 टक्क्यांच्या आत आला की कीड व बुरशी यांना सहसा थारा मिळत नाही. दाताखाली धरलेला दाणा कट्कन फुटला तर तो वाळला असे समजावे. ऊन दिलेले धान्य पूर्ण निवल्यावरच कोठीत भरावे. गरम भरल्यास आत वाफ धरते. गव्हाला व तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवल्यास किड्यांना अंडी घालणे अवघड जाते. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर तो सावलीत पूर्ण वाळवूनच, नाहीतर त्याचीच ओल धान्याला लागते.

एवढे करूनही जीव दिसलेच, तर ते धान्य उन्हात टाकू नये. ती उघड हिंसा होय. सावलीत पातळ पसरावे, जीव आपोआप बाहेर येतात. त्यांना अलगद उचलून सुरक्षित जागी सोडावे. कीड मारण्यासाठी मिळणाऱ्या फॉस्फाईडच्या विषारी गोळ्या तर घरात आणूच नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसांचाही प्राण घेऊ शकतो.

पिठाच्या बाबतीत आपल्या दिगंबर परंपरेतील मर्यादा सुपरिचित आहे : हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि पावसाळ्यात 3 दिवस. श्वेतांबर आम्नायात पदार्थ व ऋतुपरत्वे काही मर्यादा वेगळ्या आहेत. तत्त्व मात्र एकच. दाण्याचे कवच फुटले की आतील स्निग्धांश हवेला उघडा पडतो. बाजरीत तो अधिक असल्याने तिचे पीठ काही दिवसांतच कडू होते, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव आहे. तेव्हा गिरणीतून महिन्याचे दळण आणण्यापेक्षा थोडे थोडे दळावे. जुने पीठ संपल्यावर डबा पुसून, वाळवून मगच नवे भरावे. डब्यावर दळणाची तारीख लिहिण्याची सवय लावल्यास मर्यादा पाळणे सोपे होते.

तुपात पाण्याचा अंश उरत नाही, म्हणून ते बाहेर टिकते. ओला चमचा पडला की हा गुण संपतो. तेलाला उजेड व हवा बाधते, म्हणून ते अपारदर्शक भांड्यात आणि शेगडीपासून दूर असावे. गूळ व मीठ हवेतील ओल ओढून घेतात. त्यांना घट्ट झाकणाची बरणी हवी. टोमॅटो थंडीत चव गमावतो, केळे काळवंडते. दोन्ही टोपलीत मोकळे बरे.

शेंगदाणे व सुके खोबरे यांविषयी विशेष सावध राहावे. बुरशी ही आपल्या दृष्टीने अनंत जीवांचे स्थान, आणि वैद्यकाच्या दृष्टीनेही ती साधी नाही. शेंगदाण्यावरील काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असून भाजण्याने वा शिजवण्याने पुरते नाहीसे होत नाही. खवट वा काळपट दाणा निवडून टाकावा. बुरशी धरलेली वाटी पुसून वापरू नये.

शिजवलेल्या अन्नाचा प्रश्न साठवणीचा नसून मोजमापाचा आहे. भातातील काही जंतूंचे बीजाणू शिजल्यावरही जिवंत राहतात आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की वाढून विष निर्माण करतात. पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात रात्रीचे उरलेच नाही, तर सकाळी शिळ्याचा प्रश्नही उरत नाही. पाण्याचेही तसेच. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे. म्हणून हंडाभर गाळून ठेवण्यापेक्षा लागेल तेवढेच गाळावे आणि जिवाणी जपून मूळ जलस्थानी पोहोचवावी.

या सर्वांचे सार असे की, जीव उत्पन्न झाल्यावर त्याचा घात करण्यापेक्षा तो उत्पन्नच होणार नाही अशी काळजी घेणे, हीच कोठीघरातील अहिंसा. तिच्यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत. बेताची खरेदी, वेळेवरचे ऊन, कोरडा हात आणि दर आठ दिवसांनी डबे उघडून केलेले शोधन एवढे पुरे. शोधनाला घरातील मुलांनाही बसवावे. सुपात पसरलेल्या मूठभर तांदळात सरपटणारा इवलासा जीव त्यांना दाखवावा आणि तो त्यांच्याच हातांनी बाहेर सोडवावा. पाठशाळेत ऐकलेला अहिंसेचा अर्थ तेथे त्यांच्या हाती लागेल.